पांढऱ्या पेशी कमी आल्या. काच कोणी पाहिली?

(राणीसावरगाव येथे वाडी-तांड्यांवरील आरोग्य कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून मघाशीच एकीने विचारले, "ताई, हा डॉक्टरांचा विषय, आपण त्यात काय करणार?" प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. माझी पदविका ईश्वरविज्ञानाची आहे, रक्त तपासण्याची नव्हे. पण पुष्कळ वर्षे मी लोकांचे कागद हातात घेऊन दवाखान्यांच्या दारात उभी राहिले आहे. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. रक्ताचा रिपोर्ट येतो, त्यावर एक आकडा असतो, तो आकडा ऐकून घरातली माणसे घाबरतात किंवा निश्चिंत होतात, पण त्या रक्ताकडे कोणी डोळ्याने पाहिले का, हे कोणी विचारत नाही. ते विचारणे आपल्या हातात आहे. डॉक्टरी आपण करायची नाही. प्रश्न मात्र वेळेवर विचारायचा.

आधी एक घोळ निस्तरू. आपल्याकडे पावसाळ्यानंतर तापाची साथ आली की जो तो म्हणतो, "पांढऱ्या पेशी कमी झाल्या." पपईच्या पानांचा रस काढतात, कोणी शेळीचे दूध शोधत फिरतो, कोणी गंगाखेडहून किवीची फळे आणतो. पण नव्वद टक्के वेळा ही माणसे ज्याबद्दल बोलत असतात त्या पांढऱ्या पेशी नसतातच, त्या असतात प्लेटलेट. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या बारीक चकत्या, ज्यांचा आकडा दीड ते साडेचार लाखांच्या घरात असतो. पांढऱ्या पेशी वेगळ्या. त्या रोगजंतूंशी लढतात आणि मोठ्या माणसात त्यांचा आकडा एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० असतो. रिपोर्टवर त्या 'डब्ल्यूबीसी' किंवा 'टीएलसी' या नावाने येतात. म्हणजे "पेशी साठ हजारांवर आल्या" असे कोणी सांगितले तर ते प्लेटलेटबद्दल बोलत आहेत, आणि "पेशी अडीच हजार" म्हटले तर पांढऱ्या पेशींबद्दल. कागद हातात घेऊन कोणत्या ओळीवर बोट ठेवायचे, हे कळले की निम्मा गोंधळ मिटतो.

लेकरांच्या बाबतीत मात्र छापील मर्यादेवर विसंबू नका. वर्षाच्या बाळाच्या पांढऱ्या पेशी साधारण ६,००० ते १७,००० असतात. नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या त्याहूनही जास्त. पुष्कळ लॅबच्या कागदावर फक्त मोठ्यांचीच मर्यादा छापलेली असते. त्यामुळे वर्षाच्या लेकराचा आकडा ४,५०० आला तर कागद त्याला 'नॉर्मल' म्हणतो आणि प्रत्यक्षात तो कमी असतो.

आता यंत्र काय करते ते समजून घेऊ. तालुक्याच्या लॅबमध्ये जे छोटे यंत्र असते, त्यात पातळ केलेले रक्त एका बारीक छिद्रातून ओढले जाते. एकेक पेशी छिद्रातून गेली की विजेच्या प्रवाहात एक ठोका उमटतो. ठोके मोजले की पेशींची संख्या कळते, ठोका किती मोठा यावरून पेशी किती मोठी ते कळते. बस्स. स्वस्त यंत्रे पांढऱ्या पेशींचे तीनच ढीग करतात: लहान, मधल्या आणि मोठ्या. लहान त्या लिम्फोसाइट, मोठ्या त्या ग्रॅन्युलोसाइट, आणि उरलेल्या सगळ्या 'मिड'. मोंढ्यातला काटा जसा पोत्याचे वजन अगदी ग्रॅमपर्यंत सांगतो, पण आतल्या ज्वारीला कीड लागली का ते सांगत नाही, तसे हे आहे. पोत्यात हात घालून मूठभर दाणे तळहातावर घ्यावेच लागतात. रक्ताच्या बाबतीत ती मूठ म्हणजे काच. लॅबच्या भाषेत 'पेरिफेरल स्मिअर'.

काच तुम्हांला नवी नाही. हिवतापासाठी बोटाला टोचून रक्ताची काच घेताना तुम्ही सगळ्यांनी पाहिले आहे, काहींनी घेतलीही आहे. हिवतापाच्या काचेला बहुतेक ठिकाणी जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या दोघांच्या नावाचा रंग, म्हणजे जेएसबी, लावतात. पेशी नीट पाहायच्या असल्या तर लिशमनचा रंग. थेंब काचेच्या एका टोकाला ठेवायचा, दुसरी काच तिरपी धरून तो एका हाताने सरळ ओढायचा, जिभेच्या आकाराचा पातळ पडदा होतो, तो हवेत सुकवायचा, रंगवायचा, आणि तेलाचा थेंब टाकून सर्वांत मोठ्या भिंगाखाली पाहायचा. शंभर पांढऱ्या पेशी एकेक करून मोजायच्या. पेशी मुळातच कमी असतील तर शंभर सापडायलाच वेळ लागतो, आणि अशाच वेळी घाई करायची नसते. सगळे मिळून कसलेल्या माणसाचीही काही मिनिटे जातात. गर्दीच्या लॅबमध्ये नेमकी हीच मिनिटे नसतात.

म्हणून प्रश्न असा की काच कोणाची पाहायची? सगळ्यांची पाहणे शक्य नाही. दिवसाला शंभर नमुने आणि एकच तंत्रज्ञ असेल आणि त्याने सगळ्यांच्या काचा पाहायचे ठरवले, तर एकही नीट पाहिली जाणार नाही. यावर जगभर विचार झाला आहे. प्रयोगशाळेत रक्त तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००५ साली ४१ नियमांची एक यादी काढली: यंत्राने काय दाखवले की माणसाने काच पाहायची. (त्याच वर्षी आपल्या देशात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि 'आशा' हे पद जन्माला आले, हा निव्वळ योगायोग.) ४१ नियम मी सांगत बसत नाही. आपल्या कामाचे आहेत ते एवढेच.

पांढऱ्या पेशी ४,००० च्या खाली आणि त्या पहिल्यांदाच खाली आल्या असतील, तर काच पाहावी. त्यांतल्या न्यूट्रोफिल नावाच्या पेशी १,००० च्या खाली असतील, तर पाहावी. प्लेटलेट एक लाखाच्या खाली पहिल्यांदा, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, लाल पेशींचा सरासरी आकार म्हणजे 'एमसीव्ही' १०५ च्या वर किंवा मोठ्या माणसात ७५ च्या खाली, तर पाहावी. नवजात बाळाचा पहिला नमुना असेल तर पाहावी. आणि यंत्राने स्वतःच आकड्याशेजारी तारा किंवा इशारा छापला असेल, 'मला ओळखता आले नाही' असे त्याच्या भाषेत म्हटले असेल, तर पाहावीच. हा इशारा कागद देताना पुष्कळदा खोडला जातो किंवा दुसऱ्या कागदावर आकडे उतरवताना राहून जातो. म्हणून यंत्राचा मूळ छापील कागद मागून घ्यायची सवय लावा.

४,००० ही रेघ काही दगडावरची नाही. काही मोठ्या लॅब अनुभवाने ती तीन हजारांवर किंवा आणखी खाली आणतात, कारण ३,८०० चा आकडा आणि बाकी सगळे ठीक असेल तर काचेत सहसा काही सापडत नाही. मला विचाराल तर यात 'पहिल्यांदा' हा शब्द सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकदा काच पाहून कारण कळले, तर त्याच माणसाच्या दर तपासणीला ती पाहायची गरज नसते. आकडा एकदम घसरला तरच पुन्हा. पण 'पहिल्यांदा' आहे की नाही हे लॅबला कळणार कसे? मागचा कागद हवा. आणि आपली माणसे दसरा-दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यांच्या पट्ट्यात जातात, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी कर्नाटकात. तिकडच्या दवाखान्याचा कागद उसाच्या फडात, कोपीतच राहतो. चार महिन्यांनी गावी आल्यावर लॅबवाल्याच्या दृष्टीने तो माणूस नवाच. प्रत्येक घराला एक प्लास्टिकची पिशवी आणि तिच्यात सगळे रिपोर्ट, टोळीबरोबर जातानाही सोबत. एवढे केले तरी फार.

आता एक गुणाकार सांगते. तो सातवीतल्या मुलालाही येतो आणि जीव वाचवतो. नुसता एकूण आकडा पाहू नका. एकूण पांढऱ्या पेशी गुणिले न्यूट्रोफिलची टक्केवारी, भागिले शंभर. समजा दोन माणसांच्या पेशी ३,००० आहेत. एकाचे न्यूट्रोफिल ६० टक्के, म्हणजे १,८००. त्याचे तितके भय नाही. दुसऱ्याचे २० टक्के, म्हणजे ६००. कागदावर दोघांचा एकूण आकडा सारखाच, पण दुसऱ्याच्या अंगात जंतूंशी लढणारे शिपाई संपत आले आहेत. १,५०० च्या खाली आकडा गेला की डॉक्टर लक्ष ठेवतात, ५०० च्या खाली गेला आणि अंगात ताप असेल तर उद्याची वाट पाहायची नाही. त्याच दिवशी, शक्यतो त्याच तासाला, मोठा दवाखाना. अशा माणसाला पू होत नाही, सूज दिसत नाही, कारण सूज आणणाऱ्या पेशीच नसतात. वरून तो बरा दिसतो आणि रात्रीत जातो.

हे ऐकून सगळ्यांचे चेहरे उतरलेले दिसतात मला. तसे करू नका. पांढऱ्या पेशी कमी होण्याची बहुतेक कारणे साधी आणि तात्पुरती असतात. डेंग्यूत तिसऱ्या-चौथ्या दिवशी पांढऱ्या पेशी उतरतात, बहुधा प्लेटलेट उतरण्याच्या आधी. टायफॉइडमध्ये उतरतात. हिवतापात उतरू शकतात. साध्या विषाणूच्या तापातही उतरतात आणि आठ-पंधरा दिवसांत आपोआप वर येतात. चार दिवसांचा ताप, पेशी ३,४००, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट चांगल्या, माणूस खातोपितो, लघवी होते. अशा माणसाला डॉक्टरांनी "दोन दिवसांनी पुन्हा रक्त तपासू" म्हटले तर ते योग्यच आहे. काच पाहिली तर त्यात विषाणूमुळे थोड्या फुगलेल्या लिम्फोसाइट दिसतील, कधी हिवतापाचा जंतूच लाल पेशीत सापडेल. एका काचेत दोन कामे होतात.

पण तीच गोष्ट तीन रांगा एकदम खाली असताना लागू होत नाही. लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट या तिन्ही रांगा एकाच कारखान्यात, हाडांच्या मगजात, तयार होतात. एक रांग कमी पडली तर बाहेर काही बिघडले असेल. दोन किंवा तीन रांगा एकदम कमी असतील तर कारखान्यातच काही झाले आहे का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारावा लागतो.

गाव सांगत नाही, नाव तर नाहीच. ऊसतोडीहून परतलेले एक जोडपे सहा वर्षांची मुलगी घेऊन आले. तीन-चार आठवड्यांपासून ताप येत-जात होता. पाय दुखतात म्हणून पोरगी चालेना, आईच्या कडेवरच. आई म्हणे, "फडात थंडी लागली असंल, म्हणून पाय धरल्यात." रंग पांढराफटक, मानेला गाठी. एका खासगी दवाखान्यात तिचे रक्त आधीच तपासले होते. पांढऱ्या पेशी २,९००, हिमोग्लोबिन ६.८, प्लेटलेट ६२ हजार, आणि लहान पेशींचा ढीग ९१ टक्के. कागदावर चार ठिकाणी तारे. वरती एकच शब्द लिहिलेला होता, 'व्हायरल'. दोनदा सलाईन झाले होते आणि ताप उतरावा म्हणून स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले होते. त्याने ताप उतरलाही, चार दिवस पोरगी खेळली, आणि घरच्यांना वाटले की डॉक्टर देवमाणूस आहे.

पुढच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटाला हात लावला, पानथरी वाढलेली लागली. त्यांनी काही न बोलता चिठ्ठीवर लिहिले: स्मिअर. लॅबमध्ये एक वयस्क तंत्रज्ञ होते. त्यांनी काच लावली, भिंगातून पाहिले, आणि पाहता पाहता खुर्ची पुढे ओढली. मग मला म्हणाले, "यंत्र ज्यांना लहान पेशी म्हणतंय, त्या लहान नाहीत. कच्च्या आहेत." ज्या पेशी मगजातून बाहेर यायलाच नको होत्या, त्या अर्ध्याहून जास्त. रक्ताचा कर्करोग. कर्करोग म्हटले की पांढऱ्या पेशी लाखात जातात असे आपण ऐकलेले असते, आणि बऱ्याचदा तसे होतेही. पण पुष्कळ लेकरांत त्या सुरुवातीला कमीच असतात. फक्त आकडा पाहणारा फसतो.

मुंबईच्या रुग्णालयात तिला पोचवले तेव्हा तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, आधी स्टेरॉइड दिले का? कारण ते औषध या आजारावरच्या उपचाराचाच एक भाग आहे. अर्धवट दिले तर कच्च्या पेशी काही दिवस दडतात, काच आणि मगजाची तपासणी दोन्ही फसवे निकाल देतात, आणि आजार पुढे आणखी चिवट होतो. म्हणून लेकराचा ताप लांबलेला, रंग उतरलेला, हाडे दुखतात आणि पेशी कमी, अशा वेळी काच पाहण्याआधी स्टेरॉइड देऊ नये, हे मोठे डॉक्टर वारंवार सांगतात. लेकरांच्या या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षे चालतात, आणि वेळेवर सुरू झाले, अर्ध्यात सोडले नाहीत, तर बरीच मुले पूर्ण बरी होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधारकार्ड यांच्यातली नावे जुळत नाहीत म्हणून आठवडा वाया गेलेला मी पाहिला आहे, तेव्हा ती नावे आजच तपासून ठेवा. ती मुलगी अजून उपचारांवर आहे. मधल्या काळात पहिलीत बसली.

मोठ्या माणसांत रक्ताच्या कर्करोगाचा एक प्रकार असा आहे की त्यात काच तासांच्या हिशोबाने पाहावी लागते. पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी, हिरड्यांतून रक्त, न मारता अंगावर निळे डाग. याला प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया म्हणतात. कसलेल्या डोळ्याला काचेत अशा पेशी दिसतात ज्यांच्या आत बारीक काड्यांची मोळी भरलेली असते. पहिल्या काही दिवसांत मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जातो तो यात. पण औषध वेळेत सुरू झाले तर बहुतेक बरे होतात, कर्करोगांमध्ये इतका चांगला निकाल फार थोड्यांचा. आपल्या लोकांना अभिमान वाटावा असे एक काम यात झाले आहे. आयडा स्कडर यांनी उभ्या केलेल्या वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी या रोगावर नुसत्या आर्सेनिकच्या औषधाने, म्हणजे आपण ज्याला सोमल म्हणतो त्याच्याच एका शुद्ध रूपाने, उपचार करून त्याचे निकाल २००६ साली प्रसिद्ध केले. महागडी औषधे परवडत नसलेल्या रोग्यांना त्यातून वाट मिळाली. पण औषध कितीही चांगले असले तरी आधी कोणीतरी काच पाहायला हवी.

आता कमी भयाचे, पण आपल्या वाड्यांवर त्याहून किती तरी जास्त आढळणारे एक कारण सांगते: ब-१२ आणि फोलिक आम्ल यांची कमतरता. यात पांढऱ्या पेशी कमी होतात, लाल पेशी कमी पण आकाराने मोठ्या होतात, कधी प्लेटलेटही उतरतात. तिन्ही रांगा खाली, म्हणजे कागद पाहून कर्करोगाचीच शंका यावी. काच पाहिली की उलगडा होतो. न्यूट्रोफिलच्या पोटात एरवी तीन-चार गाठींची माळ असते, इथे पाच-सहा गाठी दिसतात. ही खूण आकड्यांत उमटत नाही, यंत्राला ती दिसत नाही.

या आजाराचा महाराष्ट्राशी जुना संबंध आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई मुंबईत आल्या. गिरणगावातल्या गरोदर बायका भयंकर पांडुरोगाने मरत होत्या, लोहाने फरक पडत नव्हता. हाफकिन संस्थेत काम करून, बायकांच्या ताटात काय असते ते पाहून, विल्सबाईंनी यीस्टचा अर्क देऊन पाहिला आणि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कातला तो अनोळखी घटक म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फोलिक आम्ल. तुम्ही गरोदर बाईच्या हातात जी लाल गोळी ठेवता, तिच्यात लोहाबरोबर तेच आहे. गिरणीतल्या गरीब बायांच्या रक्ताच्या काचा पाहता पाहता सापडलेली ती गोळी आहे, बाई ती उकिरड्यावर टाकते तेव्हा तिला एवढे सांगून बघा.

ब-१२ चे तसे नाही. ते दूध, अंडी, मांस-मासळीतच असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्यात आणि आजूबाजूच्या खेड्यांत पुरुषांचे रक्त तपासले, तेव्हा अर्ध्याहून जास्त जणांत ब-१२ कमी निघाले. नुसती भाकरी आणि मिरचीचा ठेचा यांवर दिवस काढणाऱ्यांचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. आणि ब-१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल देत राहिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते, नसांचे नुकसान मात्र आतून चालूच राहते. हातापायाला मुंग्या येतात, चाल बिघडते. म्हणून हे दोन्ही डॉक्टरांनीच ठरवायचे.

काही वेळा पेशी कमी नसतातच. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेऊन ती आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी केली नाही तर आत बारीक गुठळी होते, पेशी गुठळीत अडकतात, आणि यंत्र सांगते, कमी आहेत. प्लेटलेटचेही तसेच: त्या एकमेकींना चिकटून घोळके करतात आणि यंत्र घोळक्याला एकच मोजते, किंवा मोजतच नाही. काचेच्या शेपटाकडच्या टोकाला हे घोळके डोळ्यांनी दिसतात. एका बाईला प्लेटलेट चाळीस हजार म्हणून नांदेडला नेले, गाडीभाड्यात शेळी विकली, तिथे काच पाहिली तर घोळकेच घोळके. रक्त अगदी व्यवस्थित. आपल्याकडे नमुना सकाळी गावात घेतात आणि दुपारच्या गाडीने पिशवीत घालून तालुक्याला पाठवतात. वैशाखाच्या उन्हात चार-पाच तास नळी हिंदकळली की पेशींचे रूप बिघडते, काच पाहूनही उपयोग होत नाही. गावातल्या गावात, रक्त घेतले तेव्हाच एक काच ओढून सुकवून ठेवली, तर ती मात्र टिकते. आपल्या आरोग्य केंद्रातल्या तंत्रज्ञांना हे विनंती करून पाहायला हरकत नाही.

औषधांची चौकशी करायला विसरू नका. थायरॉइडच्या, फिटच्या, संधिवाताच्या काही गोळ्यांनी, एड्सच्या काही औषधांनी पांढऱ्या पेशी उतरतात. हिंगोली-नांदेडकडच्या आंध वस्त्यांवर किंवा विदर्भाच्या सीमेवर ज्यांचे नातेवाईक आहेत, त्यांच्या कानावर सिकलसेलचे नाव आलेले असेल. सिकलसेलच्या रोग्याला हायड्रॉक्सियुरिया देतात. चांगले औषध आहे, दुखण्याचे झटके कमी करते, पण ते मगजाचा वेग थोडा आवरते, म्हणून ठरल्या तारखेला रक्त तपासावेच लागते. "बरं वाटतंय, कशाला जायचं," हे वाक्य इथे चालत नाही. अशा माणसाच्या पेशी हळूहळू थोड्या कमी झाल्या तर डॉक्टरांना ते अपेक्षितच असते, दर वेळी काच लागत नाही. एकदम घसरल्या, किंवा हिमोग्लोबिनही घसरले, तर लागते.

लॅबमध्ये कसे विचारायचे, हे मी शेवटी ठेवले, कारण घोडे तिथेच अडते. "तुमचा रिपोर्ट चुकला" असे म्हणत गेलात तर दार बंद होईल. तंत्रज्ञ बिचारा सकाळपासून बसलेला असतो. "दादा, पेशी कमी आल्यात, तुम्ही काच बघितली का? बघितली असंल तर कागदावर लिहून द्या," एवढेच म्हणा. काच पाहून लिहिलेल्या रिपोर्टमध्ये पेशींबद्दल शब्दांत काही लिहिलेले असते, नुसते आकडे नसतात. लॅबमध्ये सूक्ष्मदर्शक नसेल, किंवा असून त्यावर धूळ असेल, तर डॉक्टरांकडून चिठ्ठीवर 'पेरिफेरल स्मिअर' लिहून घ्या आणि गंगाखेड किंवा परभणीच्या सरकारी रुग्णालयात जा. काचेत कच्च्या पेशींची शंका लिहिली असेल तर मधल्या दवाखान्यांत वेळ न घालवता नांदेड किंवा अंबाजोगाईचे वैद्यकीय महाविद्यालय. आणि रंगवलेली काच सोबत मागून घ्या, कापसात गुंडाळून, कागदी खोक्यात. पुढच्या डॉक्टरांना ती पाहायची असते.

जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले तेव्हा ज्या बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्यसेविका म्हणून निवडले, त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. तुम्ही तर सगळ्या शिकलेल्या, मोबाइलवर फॉर्म भरणाऱ्या आहात.

शेजारच्या खोलीत सूक्ष्मदर्शक लावून ठेवला आहे आणि तंत्रज्ञ दादा वेळ काढून आले आहेत. तीन काचा मांडल्या आहेत: एक निरोगी माणसाची, एक सहा गाठींच्या माळेची, आणि एक घोळक्यांची. पाच-पाच जणींनी आत जा. चष्मा असेल तर काढून भिंगाला डोळा लावा, आणि बाजूच्या मोठ्या चाकाला हात लावू नका, काच फुटते.